ब्लूजची एक साधी चाल



चाल बांधणे हे आपले काम नव्हे, ते गवयांचे आणि संगीत-दिग्दर्शकांचे काम, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. शाळेत एखाद्या कवितेला चाल हवी असली, की आपण कुठल्या तरी ऐकलेल्या गाण्याची चाल उचलतो आणि तिच्यात शब्द कोंबतो. मुलांनाही मग वाटू लागते, की चाल ही तयारच मिळावयाची वस्तू आहे. आज मी तुम्हांला गाण्याच्या अशा एका प्रकाराची ओळख करून देणार आहे, की ज्याची चाल सरगम ओळखणाऱ्या कोणालाही बांधता येते. त्याचे नाव ब्लूज. हा प्रकार आपल्याकडचा नव्हे, अमेरिकेतला आहे. आणि वाद्य घेणार आहोत पियानो.

तुम्ही म्हणाल, खेड्यात पियानो कुठून आणायचा? खरे आहे. पण पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि आपल्या पेटीच्या पट्ट्या यांची मांडणी एकच असते. विजेवर चालणारे लहान कीबोर्डही हल्ली पुष्कळ घरांतून आणि शाळांतून दिसतात. तेव्हा वाद्याची अडचण पडणार नाही.

आधी हे गाणे कोठून आले ते पाहू. कारण ते ठाऊक नसेल, तर नुसत्या पट्ट्या दाबून चाल होईल, ब्लूज होणार नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे मोठमोठे मळे होते. त्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांकडून आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांकडून गुलाम म्हणून काम करून घेत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्याकडेही त्या घटनेची दखल घेतली गेली होती. १८७३ साली ज्योतिराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलेले आहे.

पण कायदा झाला म्हणून पोट भरत नाही. सुटलेल्या माणसांजवळ जमीन नव्हती. त्यांनी मळेवाल्याचीच जमीन वाट्याने कसायला घेतली. बी-बियाणे, अवजारे, दाणागोटा सगळे उधारीवर. वर्षअखेरीस कापूस तोलून हिशेब व्हायचा आणि बहुधा कुळाच्याच अंगावर बाकी निघायची. हिशेबाची वही मालकाची, तराजूही मालकाचा. हे दुखणे तुम्हांला अधिक समजावून सांगावयास नको. अशा शेतांतून काम करताना घातलेल्या हाका, ओझे उचलताना म्हटलेली गाणी, प्रार्थनामंदिरातली भजने या सगळ्यांच्या मिश्रणातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्लूज तयार झाला. निळ्या रंगाला इंग्रजीत ब्लू म्हणतात आणि त्या भाषेत हा रंग उदासपणाशी जोडलेला आहे. मात्र ब्लूज म्हणजे नुसते रडगाणे समजू नका. आपल्याच फजितीवर हसणारे ब्लूजही पुष्कळ आहेत.

‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली त्याच साली, म्हणजे १८७३ मध्ये, अलाबामा राज्यात विल्यम ख्रिस्तोफर हँडी नावाचा एक कृष्णवर्णीय संगीतकार जन्मला. त्याने आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर या लहानशा स्टेशनावर तो रात्री गाडीची वाट पाहत होता. गाडीला फार उशीर झाला होता, त्याला डुलकी लागली. जाग आली ती गिटारच्या सुरांनी. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस बसला होता. तो सुरी गिटारच्या तारांवर दाबून सरकवीत होता आणि एकच ओळ पुनःपुन्हा म्हणत होता. हँडी शिकलेला, बँड चालविणारा माणूस. तरी असे विलक्षण संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असे तो लिहितो. पुढे त्याने असल्या गाण्यांच्या धर्तीवर स्वरलिपीत रचना केल्या. ‘मेम्फिस ब्लूज’ १९१२ साली छापला गेला आणि ‘सेंट लुईस ब्लूज’ १९१४ साली. स्टेशनावरच्या त्या माणसाचे नाव मात्र कुठेच नोंदलेले नाही. चाल बांधावयास नाव मोठे असावे लागत नाही, एवढे या गोष्टीतून आपण घेऊ.

आता आपल्या कामाला लागू. हातात कागद-पेन्सिल असू द्या.

ब्लूजचा सर्वांत रूढ साचा असा. चार मात्रांचा एक खंड धरा. इंग्रजीत त्याला बार म्हणतात. असे १२ खंड मिळून एक आवर्तन होते, म्हणजे एकूण ४८ मात्रा. गाणे सावकाश चालवायचे. सेकंदाला एक मात्रा धरलीत तरी चालेल. या १२ खंडांत तीन ओळी बसतात, प्रत्येक ओळीला चार खंड. पहिली ओळ काहीतरी सांगते. दुसरी ओळ तेच शब्द पुन्हा सांगते. तिसरी ओळ त्याला उत्तर देते. बस, एवढाच साचा. आणि ओळ चारही खंड भरून टाकीत नाही. साधारण दोन खंडांत ती संपते. उरलेले दोन खंड मोकळे असतात. त्या मोकळ्या जागेत वाद्य बोलते, किंवा कोणीच बोलत नाही.

डाव्या हाताचे काम आधी पाहू. पांढरी एक हा आपला सा. डाव्या हाताला फक्त तीन कॉर्ड शिकायच्या आहेत. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी दाबलेले तीन-चार स्वर. पहिली कॉर्ड सा-ची: सा, शुद्ध ग आणि कोमल नि. दुसरी म-ची: म, ध आणि वरच्या सप्तकातला कोमल ग. तिसरी प-ची: प, शुद्ध नि आणि वरच्या सप्तकातला म. पाश्चात्त्य पद्धतीत यांत आणखी एकेक स्वर असतो, पण आपल्याला तीन पुरेत. पियानोच्या मधल्या सा-च्या एक सप्तक खाली डावा हात ठेवा.

आता क्रम लिहून घ्या. पहिले चार खंड सा-ची कॉर्ड. पाचवा आणि सहावा खंड म-ची. सातवा आणि आठवा पुन्हा सा-ची. नववा प-ची, दहावा म-ची. अकरावा आणि बारावा सा-ची. सुरुवातीला प्रत्येक खंडाच्या पहिल्या मात्रेवर एकदाच कॉर्ड दाबा आणि तोंडाने एक, दोन, तीन, चार मोजा. दोन-तीन दिवस एवढेच करा. हात आपोआप जाऊ लागला म्हणजे उजव्या हाताकडे वळू.

उजव्या हाताला पाच स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. शिक्षकांपैकी ज्यांना रागदारी माहीत आहे ते लगेच म्हणतील, हे तर धानी रागाचे स्वर! बरोबर आहे. पण ब्लूज म्हणजे धानी नव्हे. धानीत शुद्ध ग नाही. इथे उजव्या हाताच्या कोमल ग-च्या खाली डाव्या हातात शुद्ध ग वाजत असतो. हे दोन्ही एकमेकांना घासतात, आणि ते घासणेच ब्लूजचा प्राण आहे. ते कसे, हे मी एका उदाहरणाने सांगतो.

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. पियानो हा माझा छंद. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुष्काळी भागातला एक विद्यार्थी ब्लूज शिकायला येत असे. मी त्याला सांगितले, अमेरिकेचे दुःख उसने आणू नकोस. तुला खरोखर जे सांगायचे असेल ते एका ओळीत आण. त्याने ओळ आणली: ‘पाणी तळाला गेलं’. मी म्हटले, हीच ओळ दोनदा म्हण आणि तिसरी जोड. तिसरी काही त्याला सुचेना. आठवडा गेला. मला राहवले नाही. मीच त्याला सुचवले, ‘आभाळ भरूनी आलं’ अशी ओळ कर, यमकही जुळते. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, पण ते भरून आलेलं नाही.”

मी वरमलो. दुसऱ्याच्या दुःखाला घाईघाईने उत्तर देण्याची आम्हा शिकविणाऱ्यांना खोडच असते. मुलगा काही सांगू लागला, की त्याचे वाक्य आपण पुरे करतो, आणि तेही गोड करून. त्यानंतर मी काही सुचवले नाही. काही दिवसांनी तो आपली ओळ घेऊन आला. तीन ओळी अशा झाल्या:

पाणी तळाला गेलं
पाणी तळाला गेलं
माणूस पुण्याला गेलं

मी विचारले, ‘माणूस गेला’ का नाही? तो म्हणाला, घरी आई वडिलांचे नाव घेत नाही, ‘आमचं माणूस’ म्हणते. मग मी ते तसेच राहू दिले.

या ओळींना आम्ही बांधलेली चाल सांगतो. उजवा हात मधल्या सा-च्या एक सप्तक वर ठेवा. पहिल्या खंडाची पहिली मात्रा रिकामी. दुसऱ्या मात्रेवर ‘पा’, स्वर प. तिसरीवर ‘णी’, पुन्हा प. चौथीत दोन अक्षरे: ‘त’ कोमल नि आणि ‘ळा’ प. दुसऱ्या खंडात ‘ला’ म, ‘गे’ कोमल ग, आणि ‘लं’ सा, दोन मात्रा. संपली ओळ. तिसरा आणि चौथा खंड मोकळा. दुसऱ्या ओळीला हेच स्वर, जसेच्या तसे. तिसरी ओळ थोडी वरून सुरू होते. पुन्हा पहिली मात्रा रिकामी, मग ‘मा’ कोमल नि, ‘णूस’ कोमल नि, चौथ्या मात्रेत ‘पुण्या’ प, प. पुढे ‘ला’ म, ‘गे’ कोमल ग, ‘लं’ सा. हा शेवटचा सा अकराव्या खंडात लांबू द्या.

आता मुख्य गोष्ट. ही चाल डाव्या हातासह वाजवा आणि फक्त ‘गे’ या अक्षराकडे कान द्या. पहिल्या ओळीत ‘गे’ येतो तेव्हा खाली सा-ची कॉर्ड असते. तिच्यात शुद्ध ग आहे, आणि वर तुमचा कोमल ग. दोघांचे पटत नाही. स्वर टोचतो. दुसऱ्या ओळीत तेच अक्षर, तीच पट्टी, तोच कोमल ग. पण आता खाली म-ची कॉर्ड आली आहे, आणि तिच्यात कोमल ग आहेच! मघाशी जो स्वर एकटा पडला होता, त्याला खालून सोबत मिळते. टोचणी जाते, उदासपणा राहतो.

मला ब्लूजविषयी जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. आपण म्हणतो, तेच ते काय पुन्हा सांगायचे? पण ब्लूजमध्ये ओळ दुसऱ्यांदा म्हणताना ती तीच नसते. शब्द तेच, सूर तेच, पण खालची भुई बदललेली असते. पहिल्यांदा माणूस एकटा बोलतो, दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा कोणी तरी ऐकते आहे असे वाटते. तिसरी ओळ उत्तराची म्हटली, तरी ते उत्तर म्हणजे उपाय नव्हे. पाणी परत येत नाही, माणूसही येत नाही. जे खरे होते त्याचा उरलेला अर्धा भाग तेवढा सांगितला जातो. दोनदा बोलायला मिळाले, म्हणून तो सांगता येतो.

यानंतर थोड्या बारकाव्याच्या गोष्टी.

पहिली गोष्ट लयीची. एका मात्रेत दोन स्वर आले, जसे आपल्या चालीत ‘त’ आणि ‘ळा’, तर ते सारखे वाजवू नका. मात्रेचे मनात तीन भाग करा. पहिले दोन भाग पहिल्या स्वराला, तिसरा भाग दुसऱ्याला. लांब, आखूड, लांब, आखूड. याने चालीला झोका मिळतो.

दुसरी गोष्ट खुद्द त्या ग-ची. ब्लूज गाणारा माणूस कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधला कुठला तरी स्वर लावतो, किंवा एकातून दुसऱ्यात घसरतो. स्टेशनावरचा तो माणूस सुरीने हेच करीत होता. पियानोला हे साधत नाही. त्याच्या तारेवर हातोडी बसते आणि स्वर जिथे लावलेला आहे तिथेच वाजतो. पेटीचीही हीच अडचण. ती मींड घेऊ शकत नाही, आपल्या श्रुती तिच्यात नाहीत, असे मुख्य कारण देऊन १९४० साली आपल्या नभोवाणीने पेटीवर बंदी घातली होती, आणि १९७१ साली ती सैल होईपर्यंत ती टिकली. म्हणजे हा प्रश्न आपल्याला चांगला परिचयाचा आहे. ब्लूजच्या पियानोवादकांनी त्यावर एक तोड काढली. कोमल ग ही काळी पट्टी, ती थोडी उंच असते. तिला लागूनच खाली पांढरी पट्टी शुद्ध ग-ची. काळीवर बोट टेकवायचे आणि लगेच पांढरीवर घसरू द्यायचे. एकच बोट, एकच हालचाल. दोन्ही स्वर जवळजवळ एकदम वाजतात आणि कानाला मधल्या स्वराचा भास होतो. आपल्या चालीत मोकळ्या खंडांत ही घसरण एखाद्या वेळी करून पाहा. एखाद्याच वेळी, बरे का. फोडणीत हिंग जास्त झाला तर काय होते ते घरी विचारा.

तिसरी गोष्ट मोकळ्या खंडांची. नवशिका हमखास इथे चुकतो. जागा रिकामी दिसली, की त्याची बोटे धावू लागतात. माझीही धावत. तिथे फार तर दोन-तीन स्वर ठेवा. वरचा सा, कोमल नि, पुन्हा वरचा सा, एवढे पुरे. पियानोचा स्वर दाबल्या क्षणापासून विरत जातो. तो विरताना ऐकू येण्याइतकी शांतता त्याला द्या.

साधेपणाने किती सांगता येते, याचे एक उदाहरण देतो. दक्षिणेतली पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबे पुढे पोटासाठी शिकागोसारख्या शहरांत गेली. तिथे घरभाडे थकले, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून घरात गाणे-बजावणे करीत आणि जमलेल्या पैशांतून भाडे भरीत. अशा बैठकींत जिमी यान्सी नावाचा एक माणूस पियानो वाजवीत असे. पोटासाठी तो कित्येक वर्षे शिकागोच्या एका बेसबॉल मैदानाची देखभाल करीत होता. गवत राखणे, मैदान तयार करणे हे त्याचे काम. त्याच्या वाजविण्याच्या ध्वनिमुद्रिका १९३९ पासून निघाल्या, आणि १९५१ साली तो वारला. आजही त्या ऐकावयास मिळतात, जरूर ऐका. स्वर थोडे, घाई नाही. एक गंमत अशी, की तुकडा कोणत्याही पट्टीत असला, तरी यान्सी त्याचा शेवट एकाच ठरावीक पट्टीत करी. पांढरी एक हा सा धरला, तर ती काळी दोन. जाणत्यांना ते चमत्कारिक वाटे, पण ती त्याची सही होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्यासाठी शेवटचे सांगतो. शाळेत पेटी असेल तर दोन मुलांना शेजारी बसवा. पेटीला एक हात भात्याला लागतो, म्हणून एकाने भाता हलवून तीन कॉर्ड सांभाळाव्यात, दुसऱ्याने वरच्या सप्तकात चाल वाजवावी. बाकीच्या वर्गाने मात्रा मोजाव्यात. मग मुलांना सांगा, आपापली एक ओळ आणा. सात-आठ अक्षरांची, खरी. ओळ विनोदी असली तरी हरकत नाही. हरवलेल्या चपलेवरही ब्लूज होतो. ओळ मोठ्याने म्हणायला लावा. बोलताना आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो ते ऐका, आणि त्याच वळणावर पाच स्वरांपैकी स्वर ठेवा. बहुतेक ओळी शेवटी खाली उतरतात. त्यांना सा-वर उतरू द्या. एवढ्याने चाल तयार होते.

आणि एखादे मूल दोन ओळींवरच अडले, तर तिसरी ओळ त्याला देऊ नका. डाव्या हाताची कॉर्ड तेवढी वाजवीत राहा आणि थांबा. माझा तो विद्यार्थी आज नोकरीत आहे. तो पुढे फारसा पियानो शिकला नाही. पण त्याच्या तीन ओळी त्याच्या स्वतःच्या आहेत, आणि त्या तशा राहिल्या याचे श्रेय माझ्याकडे एवढेच, की दुसऱ्या वेळी मी गप्प बसलो.